एकाच कागदावर बावीस वर्षं

मामांच्या दुकानात पेन्सिली कमी आणि रबरं जास्त होती. नवख्या माणसाला याचं नवल वाटायचं. माणसांचे चेहरे काढून देणाऱ्याकडे रंग असावेत, ब्रश असावेत, गेला बाजार चार बरे कागद तरी असावेत. इथे कपाटात काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत रबरंच रबरं. पांढरं लुसलुशीत रबर, कागदाला न दुखवणारं. शाईसाठीचं खरखरीत, जे शाईबरोबर कागदाची सालही काढायचं. कोळशाच्या चित्रासाठी शिळ्या पावाचा मऊ भाग, तो रोज ताजा शिळा लागायचा, आणि हा विनोद मामा रोज करायचे. या सगळ्यांत मानाचं पान मळायच्या रबराला. करडं, कणकेच्या गोळीसारखं. ते घासायचं नसतं. चिमटीत दाबून त्याला टोक काढायचं, रेघेवर टेकवायचं आणि उचलायचं. रेघेतली काजळी तेवढी त्याला चिकटून वर येते, कागद जागच्या जागी राहतो.

"काढतं काय कुणीही," मामा म्हणायचे. "पुसणारा मला एक दाखवा."

त्यांच्या भाचीला हे भाषण तोंडपाठ होतं, पण पटलेलं नव्हतं. आता दुकान तीच चालवत होती. मामांची नजर गेली होती. ते मागच्या खोलीत खिडकीशी बसायचे, रेडिओ ऐकायचे आणि पुढच्या खोलीत काय चुकतंय त्याचा अंदाज घ्यायचे. भाची टॅबलेटवर काम करायची. जुन्या फोटोंवरून चेहरे, शाळेच्या पुस्तकांतली चित्रं. तिथेही रबर निवडावंच लागतं. मऊ कडेचं असतं, कडक कडेचं असतं, आणि किती टक्के पुसायचं तेही ठरवता येतं. भाचीचं कायमचं ठरलेलं: कडक कडा, शंभर टक्के. मऊ कडेच्या रबराचा तिला राग होता. ते पुसल्याचं सोंग करतं आणि कडेला धूसर काहीतरी ठेवून जातं. स्क्रीनवर दिसत नाही, पण छापून आलं की गालावर मळ बसलेला असतो. जे नको ते गेलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. घरातही तेच. ओट्यावर थेंब दिसला की तिचा हात फडक्याकडे. मामा तिला टापटीपबाई म्हणायचे, आणि ते कौतुक नव्हतं.

सगळी कामं टॅबलेटवर गेली तरी एक काम कागदावर राहिलं होतं. ते काकूंचं.

काकू नात्यानं या घरात कुणाच्याच काकू नव्हत्या. बावीस वर्षांपूर्वी एका कापडाच्या मोठ्या दुकानात त्यांची सात वर्षांची मुलगी हरवली. गर्दी नव्हती, दंगा नव्हता, दुकानाला दोन दारं होती एवढंच. मुलीचा एकच फोटो होता. त्या फोटोवरून मोठं चित्र काढून घ्यायला त्या मामांकडे आल्या, आणि मामांनी काढून दिलं. त्याच्या प्रती त्यांनी गावभर चिकटवल्या.

पुढच्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाला त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, "ती आता आठ वर्षांची झाली असेल. सात वर्षांची मुलगी शोधून काय उपयोग? मला आठ वर्षांची करून द्या."

मामांनी नवा कागद घेतला, तर त्यांनी मामांचा हात धरला. नवा कागद नको. नव्या कागदावर ती दुसरीच कुणीतरी होईल. ह्याच कागदावर मोठी करा.

तेव्हापासून हा नेम पडला. वाढदिवस आला की काकू यायच्या, मामा कागद खणातून काढायचे, जुनं वर्ष पुसायचे आणि नवं चढवायचे. डोळे जागच्या जागी ठेवायचे, हनुवटी सूतभर खाली आणायची, नाकाला थोडं हाड द्यायचं. आणि समोरच्या खुर्चीत काकूंनाच बसवायचे. पोर मोठी होते ती कुणाच्या तरी वळणावर जाते, आणि दुसरं माणूस मामांसमोर नव्हतंच. काम झालं की काकू त्याची प्रत काढून न्यायच्या, जुनी प्रत फाडून टाकून त्या जागी नवी चिकटवायच्या, जुनी एकही ठेवायच्या नाहीत. मूळ कागद दुकानातच राहायचा.

मामांची नजर गेल्यावर गेली चार वर्षं हे काम भाचीकडे आलं होतं.

या वर्षी काकू आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. भाचीनं काम आधीच उरकून ठेवलं होतं. एकोणतीस वर्षांची तरुण बाई, केस मागे घेतलेले, नजर सरळ समोर. चांगलं उतरलं होतं. मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठही थोपटली होती.

काकूंनी चष्मा लावला, कागदाकडे पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

भाचीला वाटलं, कौतुक चाललंय. "तुमच्यावरच गेली असणार ना, काकू."

"तसं नाही. ही मीच आहे. तेव्हा मी एकोणतीसची होते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "हा भांग बघ. ही मान बघ. मी त्या काउंटरपाशी उभी होते ती अशीच. कापडाचा पोत बघायला दोन्ही हात लागतात गं. एका हातानं ताणता येत नाही. म्हणून तिचा हात सोडला. किती वेळ? कापड आवडलंही नव्हतं मला."

भाचीनं कागद उलटा करायला हात पुढे केला.

"राहू दे. बघू दे तिला माझ्याकडे." मग मात्र त्यांनीच मान फिरवली. "आता पुढे नको. तीस नको, एकतीस नको. मागे जा."

"मागे म्हणजे?"

"सातपर्यंत. माझी मुलगी मला परत काढून दे. ती ह्यातच आहे ना खाली कुठेतरी? याच कागदावर काढली होती."

"फोटोवरून काढते की. फोटो द्या, चार दिवसांत..."

काकूंनी पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षं भाचीनं तो पाहिलाच नव्हता. वर्षं चढवताना फोटो लागत नव्हता, आधलं वर्ष पुरायचं. आता पाहिला. पिवळट पांढरं चौकोनी कार्ड. एका कोपऱ्यात फ्रॉकचा काठ आणि दोन बोटं. बाकी काही नाही.

"रस्त्याच्या खिडकीत लावला होता," काकू म्हणाल्या. "ती त्या वाटेनं गेली तर तिला दिसावा, घर ओळखू यावं. मी रोज बघायचे, म्हणून कळलंच नाही. उन्हानं रोज थोडा थोडा नेला." त्यांनी फोटो पुन्हा पिशवीत घातला, रुमालात गुंडाळून. "आणि खरं सांगू? मलाही आठवत नाही आता. आठ आठवते, बारा आठवते, वीस आठवते. मामांनी काढलेल्या सगळ्या आठवतात. सातची आठवत नाही. जी खरी होती तीच आठवत नाही. हे मी कुणाला सांगू?"

अशा वेळी माणूस नको ते कबूल करून बसतं. "आठ दिवसांनी या, काकू," भाची म्हणाली. "मी काढते तिला वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानाच्या दाराला बंदची पाटी लावली, पडदे ओढले आणि टेबलावरचा दिवा काढून टेबलाच्याच पातळीवर आडवा ठेवला. उजेड कागदावरून सरपटत गेला पाहिजे, वरून पडता कामा नये. असा आडवा उजेड टाकला की कागदावरची पुसलेली रेघही सावली धरते. काजळी गेली तरी पेन्सिलीनं दाबलेला चर कागदात राहतो. हे तिला पुस्तकी ठाऊक होतं. करून कधी पाहिलं नव्हतं. पुसलेलं पुन्हा बघायला ती कशाला जाईल?

दिवा लावला आणि ती दोन पावलं मागे सरली.

कागदावर एक बाई नव्हती, गर्दी होती. एकोणतीस वर्षांच्या गालामधून पंचविशीचा गाल, त्यातून अठराचा, हनुवटीखाली हनुवट्यांची उतरंड, कानाच्या मागे कान. भुवयांचं तर रान माजलं होतं. डोळे मात्र सगळ्यांचे एकाच जागी, आणि सगळ्या त्याच दोन डोळ्यांतून बघत होत्या. बंद खोलीत एवढ्या जणींनी एकदम बघितलं की धीट माणसाचीही भंबेरी उडते, आणि भाची काही फार धीट नव्हती. तिनं दिवा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेला कप पुन्हा घासला, मग परत आली.

चार बाजूंनी दिवा ठेवून तिनं चार फोटो घेतले, टॅबलेटवर ते एकावर एक बसवले, आणि कामाला लागली. आता तिला रेघा ओळखून पुसायच्या होत्या. कुठली रेघ कुठल्या वर्षाची? तिच्या स्वतःच्या चार वर्षांच्या रेघा तिला लगेच सापडल्या. बारीक, मोजून मापून. त्या गेल्या. मग मामांची थरथरती शेवटची वर्षं, रेघ अर्ध्यात तुटलेली, पुन्हा धरलेली. ती पुसताना तिला वाईट वाटलं. मग मामांचे चांगले दिवस. त्या रेघांना तोड नव्हती. ती त्याही पुसत गेली, आणि स्क्रीनवरची बाई लहान होत गेली.

हे सोपं नव्हतं. वयानं वाढणारं माणूस बघायची आपल्याला सवय असते. ही उलट चालली होती. विशीतली पोरगी एका दुपारी सोळाची झाली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी ती बारा वर्षांची होती. गालाची हाडं आत गेली, कपाळ मोठं झालं. भाचीला आपण तिचा जन्म हिरावून घेतोय असं वाटायला लागलं. ही पंचवीस वर्षांची, ही वीस वर्षांची, यांतली एकही कधी जगली नव्हती, सगळ्या मामांच्या पेन्सिलीतल्या, हे तिनं स्वतःला किती वेळा बजावलं. तरी प्रत्येक वर्ष पुसण्याआधी तिचा हात थबकायचा. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटून ती मागे बघायची. मागे कपाट होतं आणि बरण्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी ती सातपर्यंत पोचली.

सातच्या रेघा खोल होत्या. मामांनी त्या इतक्या दाबून का काढल्या होत्या कोण जाणे, पण त्यामुळेच त्या टिकल्या होत्या. कपाळावर आलेली एक बट. एक कान जरा पुढे आलेला. डोळे थोडे रागावलेले, फोटो काढून घ्यायचा नसताना उभं केलेल्या मुलीचे असतात तसे. भाचीला हसू फुटलं. बावीस वर्षं ज्या मुलीचा चेहरा कुणी पाहिला नव्हता ती समोर होती, आणि रुसली होती.

नाक आलं. नाकाच्या खाली काहीच आलं नाही.

तिनं फोटो मोठा केला, उजेड वाढवला, दिव्याची दिशा बदलून पुन्हा चार फोटो घेतले. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत कागद तुळतुळीत होता. रेघ नाही, चर नाही, कागदाचे तंतूसुद्धा नाहीत. तोंड असायला हवं तिथे पांढरी, चकचकीत जागा.

कुणी केलं हे, ते तिला विचारावं लागलं नाही. चार वर्षांपूर्वी काम पहिल्यांदा हाती आलं तेव्हा तिला त्या कागदाची किळस आली होती. ओठांभोवती अठरा वर्षांचा करडा मळ. मामांनी नुसतं टिपून टिपून ठेवलेला. वय सगळ्यात आधी तोंडावर दिसतं, म्हणून ओठ दरवर्षी बदलावे लागायचे, आणि मळ तिथेच साचलेला. तिनं बॅटरीवर फिरणारं रबर आणलं, पेन्सिलीएवढं, टोकाशी गरगर फिरणारं, आणि नाकापासून हनुवटीपर्यंतची जागा लख्ख केली. त्या वर्षी काकू म्हणाल्याही होत्या, किती स्वच्छ दिसतेय. भाची दोन दिवस खूश होती.

ती कागद घेऊन मागच्या खोलीत गेली.

"मामा, हात पुढे करा," तिनं सांगितलं.

मामांनी रेडिओ बारीक केला. कागद मांडीवर घेतला आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं कपाळाच्या जागेपासून खाली आणायला लागले. बट सापडली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. कानापाशी ते थांबले, हसले. नाकावरून बोटं खाली उतरली, आणि घसरली.

"हे काय?" ते म्हणाले. बोटं त्या जागेवरून पुन्हा फिरवली, पुन्हा. "मशीन फिरवलंस?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी."

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा राग प्रसिद्ध होता. चहा गार झाला तरी घर डोक्यावर घ्यायचे. त्यांनी नुसती कागदाची कड बोटानं सरळ केली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" भाचीच उसळली. "अठरा वर्षं ती खाली ठेवली होतीत, एका शब्दानं बोलला नाहीत!"

"सांगायचं काय त्यात? मळायचं रबर मी दुसऱ्या कशाला वापरतो? मी तिला कधी पुसलीच नाही गं. वरचं वरचं उचललं. ह्याच कागदावर मोठी करा म्हणाली, तेव्हा उचलायच्या आधी पहिलीच्या रेघा मुद्दाम पुन्हा दाबून घेतल्या. म्हटलं, ही बाई आज पुढे निघालीय, पण कधीतरी मागे वळेल. तेव्हा हाताला काहीतरी लागलं पाहिजे."

"तोंड कसं होतं, मामा?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही काढलंय!"

"शेकडो काढली. सगळे चेहरे डोक्यात ठेवले असते तर मी कधीच वेडा झालो असतो." त्यांनी कागद तिच्याकडे दिला. "टापटीपबाई, तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. चूक आहे. पण माझीही आहे. मी कागदावर विसंबलो. माणसाला सांगायला पाहिजे होतं."

भाची पुढे आली आणि टेबलापाशी बसून रडली. मग तोंड धुतलं, कारण रडून झाल्यावर दुसरं काही करता येत नाही.

उरले तीन दिवस. तिनं नवीन लेयर घेतला, म्हणजे मूळ चेहऱ्यावर ठेवायचा एक पारदर्शक कागदच म्हणा, आणि त्यावर तोंड काढून पाहायला लागली. आधी काकूंचे ओठ लहान करून बसवले. मुलगी पुन्हा काकू झाली. तेही कडक रबरानं, शंभर टक्के, पुसलं. मग शाळेच्या पुस्तकांत काढायची तसलं गोड हसरं तोंड बसवलं. वरच्या रागावलेल्या डोळ्यांखाली ते इतकं भयंकर दिसलं की तिनं टॅबलेट पालथा घातला.

तोंड नसलेली मुलगी मग तिच्या मागेच लागली. भाजी घेताना दुकानाच्या काचेत भाचीला आपलाच चेहरा दिसायचा आणि ती आधी ओठ आहेत ना ते बघायची. घास तोंडाशी नेताना हात थांबायचा. दुपारी पडलं की डोळ्यांपुढे ती बट, तो कान, आणि खाली ती गुळगुळीत जागा. ती रागावलेली होती, आणि राग बोलून दाखवायला तिच्याकडे काही ठेवलं नव्हतं. ते कुणी ठेवलं नव्हतं हे भाचीला माहीत होतं.

सातव्या दिवशी तिनं विचार करायचं सोडून दिलं आणि हात नुसता चालू दिला. एक तोंड आलं. लहानसं, वरचा ओठ जरा वर उचललेला, अर्धवट उघडं. कुणाचं ते तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांशी ते जुळलं, इतकं जुळलं की तिला भीती वाटली. तिनं ते पुसलं नाही.

आठव्या दिवशी काकू आल्या. धुतलेली, कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, कुणाला तरी घ्यायला निघाल्यासारख्या. भाचीनं त्यांना बसवलं, टॅबलेट समोर उभा केला आणि बाजूला झाली.

काकूंनी पाहिलं. हात तोंडावर गेला.

"हो," त्या म्हणाल्या. "हीच. अगं, हीच ती!" आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी गळत असताना. "अशीच तोंड उघडं टाकून बसायची बघ. मी म्हणायचे, मिट गं बाई, माशी जाईल. मुद्दाम आणखी उघडायची. रुसली की तर बघायलाच नको."

भाचीनं आनंदी व्हायला हवं होतं. पण ही आठवण आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत तयार होत होती. मुलगी तोंड उघडं टाकून बसायची की नाही हे आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि कालपर्यंत काकूंच्या मनात तिथे निदान रिकामी जागा तरी होती. गप्प बसलं तर सगळं निभावणार होतं. काकू हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं.

"काकू, ते तोंड माझं आहे," ती म्हणाली. "म्हणजे मी काढलंय. मनानं."

काकूंचं हसू लगेच गेलं नाही. त्यांना कळायला वेळ लागला. भाचीनं सगळं सांगितलं: मामांची दाबलेली रेघ, मळायचं रबर, चार वर्षांपूर्वीचं मशीन, स्वच्छ दिसतेय म्हणून झालेला आनंद. काही लपवलं नाही. "बट खरी आहे. कान खरा, डोळे खरे. तेवढं एक खरं नाही. ते मी घालवलं." आणि तिनं वरचा लेयर झाकला.

मुलगी तोंडाशिवाय समोर बसली.

डोक्यावर पंखा घरघरत होता. मागच्या खोलीतला रेडिओ बंद झाला होता. मामा ऐकत असणार. काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या. भाची शिव्यांची वाट बघत उभी होती, आणि शिव्या मिळाल्या असत्या तर तिनं त्या मुकाट झेलल्या असत्या.

"मी आठवायला जाते ना," काकू शेवटी म्हणाल्या, "तेव्हा ती अशीच येते. किती वर्षं झाली. केस असतात, डोळे असतात. इथे काही नसतं." त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "मला वाटायचं, माझंच डोकं गेलंय."

"काकू, माझं चुकलं."

"चुकलं तर." त्यांनी मान हलवली. "माझंही चुकलंच होतं. ते तोंड लाव परत."

"पण ते तिचं नाहीये."

"ठाऊक आहे मला. आत्ताच सांगितलंस ना? बहिरी नाही मी." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अगं, पण तोंडच नसेल तर ती मला हाक कशानं मारेल?"

भाचीनं लेयर उघडला. ओठ आले.

"हे पुन्हा असं काढून टाकता येतं का कुणाला? तू आत्ता केलंस तसं?"

"दोन्ही एकत्र करून टाकले तर नाही येत. मग खरं कुठलं आणि काढलेलं कुठलं, मलाही सांगता येणार नाही."

"मग कर एकत्र."

भाचीनं विचारलं, "नक्की?" काकूंनी टॅबलेटकडे बोट केलं. तिनं दोन्ही लेयर एकत्र केले, फाईल जपून ठेवली, बंद केली आणि पुन्हा उघडून दाखवली. एकच चेहरा होता. कपाळावर बट, एक कान पुढे, तोंड अर्धवट उघडं.

काकू खुर्चीत पुढे सरकल्या, डोळे मिटले आणि मान जराशी कलती केली, स्क्रीनकडे कान देऊन. त्यांचे ओठही आता तसेच अर्धवट उघडले होते.

भाचीनं उठून पंखा बंद केला.